शेजाऱ्याचे मेंढरू आणि आपले कुंपण



तंजावूरचा मराठी राजवाडा पाहून आपण नगराबाहेर पडलो, की कावेरीच्या खोऱ्यातील भातशेती लागते. सांबा भाताची कापणी झाल्यावर तेथील रिकाम्या शेतांत रात्री मेंढरांचे कळप बसविले जातात. तमिळमध्ये यास ‘किडै’ म्हणतात. रामनाथपुरमकडून आलेल्या मेंढपाळांना शेतकरी त्याबद्दल मोबदला देतो, कारण लेंड्यांनी जमीन सकस होते. महाराष्ट्रातही धनगरांकडून शेतात मेंढ्या बसवून घेतात. परंतु तेच मेंढरू पीक उभे असताना बांध ओलांडून आले, तर आपण काठी उचलतो. मेंढरू तेच असते. हंगाम मात्र बदललेला असतो. अशा वेळी आपले कर्तव्य कोणते?

प्रथम न्यायाची बाजू पाहू. पीक राखणे हा स्वार्थ नव्हे. त्यावर घरातील माणसांचे अन्न अवलंबून असते. निर्गम २२:५ मधील नियमानुसार, ज्याचे जनावर दुसऱ्याचे शेत चरेल, त्याने आपल्या उत्तम उत्पन्नातून भरपाई करावी. म्हणजे जनावर आवरण्याची जबाबदारी त्याच्या धन्याची आहे. कुंपण घालणारा मनुष्य निर्दय ठरत नाही. उलट चांगले कुंपण मेंढरास मारापासून व शेजाऱ्यांस भांडणापासून वाचविते.

आता दुसरी बाजू. अनुवाद २२:१-३ सांगते की, भटकलेले मेंढरू दिसल्यास ते धन्याकडे परत न्यावे. तो दूर राहणारा किंवा अनोळखी असल्यास तो शोधत येईपर्यंत ते आपल्या घरी सांभाळावे. येथील मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ ‘स्वतःला लपविणे’ असा आहे. आपल्या मराठीतील ‘अंग चोरणे’ हा वाक्प्रचार त्याच्या अगदी जवळ जातो. मेंढरू बांधापलीकडे रस्त्यावर हाकलले आणि हात झटकले, तर तेही अंग चोरणेच नव्हे काय? निर्गम २३:४ तर वैऱ्याच्या चुकलेल्या बैलाबाबतही हीच अपेक्षा करते.

आपण म्हणाल, “शेजारी रोजच मेंढरे मोकळी सोडत असेल तर?” प्रश्न रास्त आहे. येथे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. पिकाची भरपाई शेजारी आपले देणे लागतो. मेंढरू आपण त्याचे देणे लागतो. एक देणे थकले म्हणून दुसरे बुडविता येत नाही. मेंढरू परत नेणे म्हणजे नुकसान माफ करणे नव्हे. त्याच दारात उभे राहून भरपाई स्पष्ट शब्दांत मागावी. गरज पडल्यास पंचांपुढे जावे. मात्र ज्या मुक्या जिवाला बांध कळत नाही, त्याचा पाय मोडून राग काढू नये.

इंग्रजी अमदानीतील १८७१ च्या कायद्याने पिकात शिरलेले जनावर धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठविण्याची मुभा दिली, आणि तेथे त्यास चारापाणी देण्याचे बंधनही घातले. जनावराची तहान त्या कायद्यासही विसरता आली नाही. परंतु कोंडवाड्यात दंड भरला जातो, शेजाऱ्याशी बोलणे होत नाही. मोशेचे नियमशास्त्र आपणांस शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालत जावयास लावते.

म्हणून वाचकहो, कुंपण अवश्य घाला, ते मजबूत घाला. पण एखादे मेंढरू आत आलेच, तर त्याला धन्याच्या दारापर्यंत पोहोचविल्यावाचून आपले काम संपले असे समजू नका.