मुखपट्टी आणि शेजारधर्म

इंदूरच्या लालबागेत पहाटे फिरावयास जाणे हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. खान नदीच्या काठी होळकरांच्या तीन पिढ्यांनी १८८६ ते १९२१ या काळात पुरा केलेला तो राजवाडा, त्याचे ते भव्य लोखंडी फाटक आणि भोवतीची जुनी झाडे यांच्या सान्निध्यात दिवसाचे पहिले विचार थोडे निर्मळ होतात, असा माझा अनुभव आहे. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी फाटकासमोरून दोन जैन साध्वी चालल्या होत्या. तोंडावर शुभ्र मुहपत्ती बांधलेली. आजोबांचे बोट धरून आलेल्या एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाने त्यांच्याकडे पाहून घाबऱ्याघाबऱ्या विचारले, “आबा, कोरोना परत आला का?” आजोबा म्हणाले, “नाही रे. त्या स्वतःसाठी नाही बांधत. आपल्या श्वासाने हवेतला एखादा जीव मरू नये म्हणून बांधतात.”

प्रश्नाने मला हसू आले. उत्तराने मात्र पाय जड झाले. कारण मुखपट्टी नेमकी कोणासाठी बांधावयाची, हा प्रश्न २०२१ च्या एप्रिलपासून माझ्या मनात ठाण मांडून बसलेला आहे.

प्रथम ती बांधून होते काय, हे पाहिले पाहिजे. कारण वस्तुस्थिती न तपासता नीतीची चर्चा करणे म्हणजे पुरावा न पाहता निकाल देणे होय. सामान्य समजूत अशी की, मुखपट्टी म्हणजे चाळणी. विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढा. कापडाची वीण त्याहून कितीतरी विरळ. मग तो अडणार कसा, असा युक्तिवाद मी बाररूममध्ये पुष्कळदा ऐकला. परंतु विषाणू एकटा संचार करीत नाही. श्वासातून, बोलण्यातून, खोकल्यातून निघणाऱ्या लहानमोठ्या तुषारांत तो असतो. त्यांतले जड कण वळणावर धाग्यांवर आदळतात. अतिसूक्ष्म कण भरकटत जाऊन धाग्यांना चिकटतात. या दोहोंच्या मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण सर्वांत निसटते. एन-९५ मुखपट्टीची कसोटी अशा कणांवर घेतात आणि त्यांपैकी किमान ९५ टक्के अडावेत अशी अट असते. हे साधते ते मुख्यतः तिच्या कृत्रिम तंतूंवर दिलेल्या विद्युतभारामुळे. म्हणूनच काटकसरीने ती साबणाने धुणारा मनुष्य तिचा प्राणच धुऊन टाकीत असतो. शिवाय कापड कितीही उत्तम असले तरी गालापाशी फट राहिली, तर हवा त्या फटीनेच जाणार. थोडक्यात, चेहऱ्याला नीट बसलेली एन-९५ सर्वांत समर्थ, शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात ती निळी मुखपट्टी मध्यम, आणि साधे कापड सर्वांत दुबळे, असा हा क्रम आहे.

तथापि प्रयोगशाळेतली शक्ती गावच्या बाजारात तशीच उतरत नाही. बांगलादेशात २०२०-२१ मध्ये ६०० गावांतील सुमारे ३,४०,००० प्रौढांवर एक मोठी चाचणी झाली. प्रचार आणि मोफत वाटप करून मुखपट्टीचा नीट वापर शंभरातील तेरा जणांवरून बेचाळीस जणांपर्यंत गेला आणि रक्ततपासणीने सिद्ध झालेला लक्षणयुक्त आजार सुमारे नऊ टक्क्यांनी घटला. निळ्या मुखपट्टीच्या गावांत घट अकरा टक्के होती, साठीपुढच्यांत तर पस्तीस टक्के. कापडी मुखपट्टीचा गुण मात्र स्पष्टपणे दिसला नाही. डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे ६,००० लोकांवर झालेल्या चाचणीत मुखपट्टीचा सल्ला मिळालेल्यांपैकी १.८ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला. हा फरक निर्णायक म्हणता येण्याजोगा नव्हता. परंतु त्या चाचणीने बांधणाराचेच रक्षण मोजले. त्याच्या शेजाऱ्याचे काय झाले, हे तिने मोजलेच नाही. २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेतून ‘मुखपट्टी निरुपयोगी’ असा अर्थ अनेकांनी काढला, तेव्हा तो अर्थ चुकीचा असून चाचण्यांतून निर्णायक उत्तर मिळालेले नाही, असा खुलासा तिच्या मुख्य संपादकांना करावा लागला. पुरावा असा आहे. तो मुखपट्टीला कवचकुंडलांची थोरवी देत नाही आणि तिला थोतांडही ठरवीत नाही.

आता माझी स्वतःची हकीकत सांगतो. २०२१ च्या एप्रिलात इंदुरात दुसरी लाट शिगेला असताना लालबागेनजीकच्या एका वृद्ध अशिलाने मृत्युपत्रासाठी मला बोलावले. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हे काम दूरध्वनीवर होण्यासारखे नव्हते. नाना एका कानाने अधू, म्हणून मी खाटेलगत बसून तासभर मसुदा मोठ्याने वाचला. वाऱ्याची बाधा नको म्हणून खिडक्या बंद होत्या. नानांनी तोंडाला जुने सुती उपरणे गुंडाळले होते. माझ्या तोंडावर महागडी एन-९५ होती, पुढे झडप असलेली. त्या झडपेमुळे श्वास सुखाने सुटतो, याचे मला कौतुक वाटे. आत येणारी हवा गाळली जाते आणि बाहेर जाणारी त्या झडपेतून बरीचशी न गाळताच निघून जाते, एवढा साधा विचार मी केला नव्हता. अशा मुखपट्ट्या वापरू नयेत असे केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२० च्या जुलैतच राज्यांना कळविले होते आणि ती बातमी मी वाचलीही होती. तिसऱ्या दिवशी मला ताप आला, पाचव्या दिवशी नानांना. मी बरा झालो. नाना गेले.

माझ्यापासून त्यांना झाला, की त्यांच्यापासून मला, की दोघांनाही तिसऱ्याकडून, हे कधीही सिद्ध होणार नाही. पुढे मला कळले की, अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत झडपेची मुखपट्टीदेखील बाहेर जाणारे कण साध्या मुखपट्टीइतपत रोखते असे आढळले होते. माझ्यातल्या वकिलाने लगेच संशयाचा फायदा मागितला. कोर्टाने तो दिलाही असता. परंतु निवाडा कोर्टापुढे नव्हताच. त्या खोलीत मी माझ्या रक्षणासाठी पैसे मोजून आलो होतो आणि नानांच्या रक्षणाचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. ही गोष्ट मात्र कोणत्याही चाचणीच्या निष्कर्षाने बदलत नाही.

येथे सुज्ञ वाचक विचारील की, ज्या साधनाचा गुण इतका अपुरा, त्याच्याविषयी कर्तव्य ते कसले? मला वाटते, कर्तव्याचे माप साधनाच्या यशावरून ठरत नाही. ते तीन गोष्टींवरून ठरते: समोरच्याला धोका किती, तो कमी करण्यास मला किती झीज सोसावी लागते, आणि मला काय ठाऊक होते किंवा ठाऊक असावयास हवे होते. रात्री सायकलीला दिवा लावल्याने सर्व अपघात टळत नाहीत. म्हणून बिनदिव्याची सायकल निर्दोष ठरत नाही. उलट, याच न्यायाने मोकळ्या मैदानात एकट्याने फिरणाऱ्याच्या तोंडावर मुखपट्टीची सक्ती करण्यात कसलेच पुण्य नाही. आणि पुराव्याहून मोठी खात्री लोकांना देणारे उपदेशकही दोषमुक्त नाहीत. ती खात्री खोटी ठरली की लोक अर्धे सत्यही फेकून देतात.

कायद्याने हे काम भागेल काय? साथरोगाचा आपला कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासणीने लोकांची मने किती विटली आणि तिचा शेवट रँडच्या वधात कसा झाला, हे सर्वश्रुत आहे. २०२० च्या डिसेंबरात मुखपट्टी न लावणारांना कोविड केंद्रांत सेवा करावयास लावावे, असा आदेश गुजरात उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती दिली. याउलट इंदूरची एक जुनी आठवण आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस होळकर दरबारच्या निमंत्रणावरून येथे आले असता त्यांनी प्लेगविरुद्ध दिवाळीची मिरवणूक योजिली. जो रस्ता सर्वांत स्वच्छ, त्या रस्त्याने ती जाणार, असे जाहीर केले आणि घरोघर झाडू फिरू लागले. दंडाने जे होत नाही ते कधीकधी अशा मानाने होते.

तरीही कायद्यातील एक शब्दयोजना मला मोलाची वाटते. जीवघेण्या रोगाचा संसर्ग निष्काळजीपणाने पसरविणे हा जुन्या दंडविधानाच्या कलम २६९ चा अपराध, तोच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ मध्ये आहे. तेथे मनुष्याला धोका ‘ठाऊक असणे’ एवढेच पाहात नाहीत. तसे मानण्यास त्याला ‘कारण असणे’ही पुरे होते. बातमी मी वाचली होती. कारण माझ्यापाशी होते.

मी हे सारे पुढे नानांच्या मुलाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, त्या आठवड्यात दूधवाला आला, डॉक्टर आले, मीही बाहेरून आलो. कोणाकोणाचे नाव घेऊ? आणि तुम्हांला बोलावले ते नानांनीच.” त्याने मला मोकळे केले, हा त्याचा मोठेपणा. मी स्वतःला त्या आधारावर मोकळा करीत नाही; पण झुरतही बसत नाही, कारण झुरण्याने कोणाही वृद्धाचे रक्षण होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपविली. बाजारातून मुखपट्ट्या गेल्या, ते योग्यच झाले. परंतु फ्लू गेलेला नाही, खोकला गेलेला नाही आणि वृद्धांच्या खोल्यांच्या खिडक्या माळव्यात काय, मांडवीकाठी काय, अजून बंदच असतात. मी एवढा नियम पाळतो: अंगात कसर असली की वृद्धाच्या घरी जाणे पुढे ढकलावयाचे, ढकलता येत नसेल तर बिनझडपेची, गालाला घट्ट बसणारी मुखपट्टी बांधावयाची आणि आधी खिडकी उघडण्याची परवानगी मागावयाची. मागच्या महिन्यात एका आजींनी विचारले, “एवढी भीती वाटते का रे तुला?” मी म्हटले, “आजी, ही माझ्यासाठी नाही.”