दया नव्हे, देणं

घरी नवा प्राणी आणून त्याचं नीट करणाऱ्याला आपण दयाळू म्हणतो, आणि त्यालाही ते मनातून पटलेलं असतं. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हा समज खपून जातो, कारण ती शेपूट हलवून किंवा पायांत घोटाळून दयेची पोच देतात. अ‍ॅक्सोलॉटल पाळला की हा समज उघडा पडतो. मेक्सिकोतला हा सॅलमँडर, बेडकांचा लांबचा भाऊबंद, सहसा आयुष्यभर डिंभावस्थेतच राहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, डोळ्यांना पापण्या नाहीत, आणि दहा-पंधरा वर्षं सांभाळलं तरी मालकाबद्दल त्याला ओढा असल्याची खूण दिसत नाही. दिसलीच तर काचेपाशी गांडूळ येण्याची अपेक्षा दिसते. परतफेडीचा प्रश्नच निकालात निघाल्यावर त्याची काळजी कशासाठी घ्यायची? माझं म्हणणं असं की तिला दया म्हणणं चूक आहे. ते फेडायचं देणं आहे, आणि देण्याचे नियम दयेहून कडक असतात.

हे देणं कुठून आलं हे पाहायला मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला जावं लागतं. हा प्राणी मूळचा तिथल्या चाल्को आणि सोचिमिल्को या तळ्यांतला. चाल्को उपसून आटवलं गेलं. सोचिमिल्कोचे कालवे आणि चिनांपा म्हणजे पाण्यातली शेतं उरली; त्यांत शहराचं सांडपाणी आलं, आणि माणसांच्या पोटासाठी कार्प व तिलापिया हे परके मासे सोडले गेले. 1998 च्या पाहणीत एका चौरस किलोमीटरमागे सुमारे 6,000 अ‍ॅक्सोलॉटल मिळाले होते. 2014 पर्यंत तो आकडा 36 वर आला. दुसरीकडे 1864 साली 34 अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला नेले गेले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत व टाक्यांत असलेल्यांतले बहुतेक त्या मूठभर जिवांचे वंशज आहेत. म्हणजे एका हाताने आपण त्याचं घर मोडलं आणि दुसऱ्या हाताने त्याला काचेत ठेवलं. आपल्या परंपरेत माणूस ऋण घेऊनच जन्मतो, आणि गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ हा रोजचा नेम आहे, मर्जीचा दानधर्म नव्हे. मला ती चौकट इथे नेमकी लागू पडते असं वाटतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: टाकीतच जन्मलेल्या पिल्लाने तळं पाहिलेलंच नाही, मग त्याचं काय हिरावलं? उत्तर त्याच्या शरीराकडे आहे. दीडशेहून अधिक वर्षं टाकीत काढूनही त्याला पाणी 16 ते 18 अंशांचंच मानवतं, आणि 24 च्या वर गेलं की जिवावर बेततं. तळाशी खडी टाकली तर खाण्याबरोबर तो खडेही ओढून घेतो आणि आतडं तुंबतं. दिवा प्रखर असला की आडोसा शोधतो. पाण्यात अमोनिया साठला तर कल्ले झडू लागतात, शेपटीचं टोक वळतं. म्हणून जनावर आणण्याआधी चार-सहा आठवडे टाकी नुसती चालवून त्यात उपयोगी जिवाणू वाढू द्यावे लागतात. हे जिवाणू रुजले की नाही ते मालकाच्या मायेवरून कळत नाही. परीक्षानळीतल्या पाण्यात चाचणीच्या द्रवाचे थेंब टाकल्यावर रंग पिवळा राहिला तर अमोनिया नाही, हिरवट झाला तर आहे. दया स्वतःच्या भावनेवर समाधान मानते. देण्याचा हिशेब त्या नळीत होतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. या एका जिवाला जगवायला रोज गांडुळं मारायची, मग कसली अहिंसा? जैन विचारात कृमी द्वींद्रिय आणि असा प्राणी पंचेंद्रिय ठरतो, तेव्हा पायरीचा आधार घेता येतो. पण मला ती पळवाट वाटते, कारण मेलेलं गांडूळ त्यामुळे जिवंत होत नाही. अ‍ॅझ्टेकांची कथा इथे अधिक प्रामाणिक आहे. नवा सूर्य हलेना, तेव्हा देवांनी मरायचं ठरवलं. शोलोटल हा देव मात्र पळाला. मका झाला, मॅगे म्हणजे घायपात झाला, शेवटी पाण्यात अ‍ॅक्सोलॉटल झाला आणि तिथेच पकडून मारला गेला. जगणं कुणाच्या तरी मरणावर चालतं, हे ती कथा लपवत नाही. गांडुळांची हिंसा पाळणाऱ्याच्याच खात्यावर पडते, आणि योगसूत्रांत अहिंसेच्या यादीतच अपरिग्रह का आहे हे इथे कळतं: जितका संग्रह, तितकी हिंसा. म्हणून दुसरा, तिसरा, रंगीत चौथा आणण्याचा मोह माझ्या लेखी अधर्मच.

‘पाळल्यामुळे जात तरी टिकते’ हा तिसरा युक्तिवाद फार ताणू नये. टाकीतल्या वंशात दुसऱ्या सॅलमँडरचं रक्त मिसळलेलं आहे. ते प्राणी सोचिमिल्कोत सोडणं उपकार नव्हे, नवं संकट. टिकवण्याचं काम कसं असतं ते मेक्सिकोतल्याच पात्झ्क्वारोच्या डोमिनिकन जोगिणींकडे पाहून समजावं. त्यांनी अ‍ॅक्सोलॉटलचा जवळचा भाऊबंद अचोके मठात वाढवला तो खोकल्याचं औषध करायला, म्हणजे हेतू शुद्ध करुणेचा नव्हताच. तरीही पात्झ्क्वारोच्या तळ्यातून अचोके नाहीसे होत असताना त्यांच्या टाक्यांतली प्रजा धडधाकट राहिली, कारण पाणी वेळच्या वेळी बदललं गेलं.

मुंबई-पुण्यातल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. मे महिन्यात इथलं नळाचं पाणीच तीस अंशांवर जातं, तेव्हा चिलरचं आणि त्याच्या विजेचं बिल आधी धरा. हा प्राणी साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखाली त्याची नोंदणी करावी लागते. टाकी महिना-दीड महिना रिकामी चालवा. तेवढा धीर होत नसेल, तर आणू नका.