साइडपट्टी

"ही माणसं कुठंच जात नाहीत. निघतात तिथंच परत येतात."

कल्याण-नगर महामार्गावर ओतूरजवळ चहाच्या टपरीशी उभे असताना सर हे म्हणाले. समोरून पंधरा-वीस सायकलस्वार माळशेजकडे निघाले होते. डोक्यावर हेल्मेट, अंगात भडक रंगाची जाकिटं, सीटखाली लुकलुकणारे लाल दिवे. सरांनी मला गणित शिकवलं आहे आणि नोकरीची उमेदीची वर्षं त्यांनी सायकलवर काढली आहेत, त्यामुळे या विषयावर त्यांचं बोलणं उडवून लावता येत नाही. ग्लास खाली ठेवत ते पुढे म्हणाले, "आणि आपल्या लोकांनी सायकल सोडली, ते चांगलंच झालं बघ."

पहिलं वाक्य मला तिथल्या तिथं पटलं. दुसरं अजिबात पटलं नाही. गेले काही दिवस या दोन वाक्यांशी माझं मनातल्या मनात भांडण चालू आहे.

आश्विन-कार्तिकात हा रस्ता सायकलवाल्यांना का खुणावतो, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पाऊस ओसरलेला असतो, धूळ अजून उठलेली नसते, पिंपळगाव जोगे धरण भरलेलं असतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघायच्या त्याही वाटा वाळल्या आणि नद्या उतरल्या म्हणूनच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांच्यापैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १९२८मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. आजही पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' सायकल शर्यत नोव्हेंबरात होते. बीआरएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या राइड्सचं तर वर्षच १ नोव्हेंबरला सुरू होतं.

माझ्या मनात फार पूर्वीपासून कामाची सायकल आणि हौसेची सायकल असा एक भेद पक्का बसलेला आहे. कामाची सायकल म्हणजे हँडलला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या, कॅरिअरला वैरणीचा भारा, टपालाची पिशवी, पुढच्या दांडीवर बसवलेलं पोर. खंडेनवमीला ही सायकल धुवून-पुसून, चेनला तेल देऊन, झेंडूची माळ घालून कोयता, पहार आणि शिलाई मशीन यांच्या रांगेत उभी राहायची. ती अवजार होती आणि अवजाराचा मान तिला होता. आता माळ मोटारसायकलला आणि ट्रॅक्टरला पडते. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, ॲटलास सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. तरी कामाची सायकल देशातून संपली असं नाही: २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगांखेरीज इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. त्यांची स्पर्धा कुणी भरवत नाही, त्यांना पदक मिळत नाही. त्यामुळे हौसेच्या सायकलीचा गाजावाजा पाहिला की माझ्या कपाळावर आठी पडायची.

इथे थोडं आडवाटेला जाते, कारण हौसेची सायकल शहरानेच आणली असं मानणं खरं नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत, दिवाळी उलटली की, गावोगाव एखादा फिरता सायकलपटू यायचा. बाजारच्या नाहीतर शाळेच्या मैदानात दोरी बांधून गोल आखायचा आणि तीन दिवस, पाच दिवस, सात दिवस खाली पाय न टेकता फिरत राहायचा. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, चालत्या सायकलीवरच डोक्यावर बादली ओतून अंघोळ. कर्ण्यावर सिनेमाची गाणी, रात्री दिव्याच्या उजेडात पेंगुळलेला चेहरा आणि तोल जाऊ नये म्हणून सोबत धावणारी पोरं. शेवटच्या रात्री तो छातीवर ट्यूबलाइट फोडायचा, दातांनी सायकल उचलायचा आणि लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचायचे. सरांच्या हिशेबाने तो माणूसही कुठंच जात नव्हता. तरी सगळं गाव त्याच्याभोवती जमायचं, कारण बघणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी सायकल होती किंवा तासावर भाड्याने घेऊन ती शिकलेली होती. संथ वेगात तोल सांभाळणं किती अवघड, सीटवर किती वेळाने अंग ठणकायला लागतं, हे त्यांना स्वतःच्या शरीरातून ठाऊक होतं. आज माळशेजकडे जाणाऱ्या सायकलींकडे आपण मान वळवून बघतो आणि विसरतो, कारण बघणाऱ्यांपैकी फार थोडे सायकल चालवतात.

आता सरांचं दुसरं वाक्य. त्यांचा युक्तिवाद भक्कम आहे. सायकल ही तुम्हाला संस्कृती वाटते, ते म्हणतात, आम्हाला ती मजबुरी होती. समोरून वारा असला की पाच किलोमीटरचे दहा व्हायचे. चढाला उतरून ढकलायची. मोटारसायकल आली तेव्हा दूध नासायच्या आत डेअरीवर पोचायला लागलं, दवाखाना जवळ आला, दिवसाचे दोन तास हातात उरले. हे सगळं खरं आहे, आणि दुसऱ्याच्या कष्टांची आठवण काढून हळहळण्याचा हक्क मला नाही.

पण मोटारसायकल घरात एक असते आणि ती घरातल्या बाप्याच्या हाती असते. तो कांदा घेऊन मार्केटला गेला की वस्तीवर राहणारी नववीतली मुलगी शाळेत कशी जाते? बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, गिअरच्या गाडीचा अठराव्या. शिक्षण सोडायचा धोका सगळ्यात मोठा असतो तो नेमका त्याच्या आधीच्या वर्षांत. बिहारने २००६मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलं-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो शाळेपासून तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींना सायकली दिल्या जातात. म्हणजे सायकल सुटली ती ज्याच्या हाती दुसरं वाहन आलं त्याची. वस्तीवरच्या त्या मुलीसाठी सायकलीच्या पुढची पायरी म्हणजे पायी चालणं. या मुद्द्यावर सर गप्प राहिले. मान्य केलं नाही, एवढं मात्र खरं.

आणि ही मुलगी सायकलवर निघते तेव्हा तिच्या वाट्याला रस्त्याचा कोणता भाग येतो? साइडपट्टी. दर डांबरीकरणात जुन्या थरावर नवा थर चढतो. साइडपट्टी मुरमाने भरून वर घ्यायचं काम मागे राहतं, पावसाने उरलासुरला मुरूम वाहून जातो, आणि डांबराच्या कडेला वीतभर खोल पायरी तयार होते. मागून हॉर्न वाजला की या पायरीवरून खाली उतरावं लागतं. चाक तिरकं उतरलं की सायकल आडवी होते, आणि पडणारा माणूस बऱ्याचदा डांबराच्या बाजूला पडतो. हे घडतं तेही सायकलीला सगळ्यात सोयीच्या ऋतूत, कारण कार्तिकात विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचे हंगाम सुरू होतात. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे रिफ्लेक्टर असला तर असला. दिवस लहान झालेला. ऊसतोड सुरू झाली की बिबट्यांचा आसरा हलतो; जुन्नर-आंबेगावात संध्याकाळी एकटं-दुकटं बाहेर पडायला मोठी माणसंही धजत नाहीत.

इथवर आल्यावर माझा जुना भेद माझ्या कामी येईनासा झाला. हौशी स्वार आणि ती मुलगी रस्त्याकडेच्या त्याच दोन फुटांवर आहेत. फरक इतकाच की हॉर्न वाजला तरी तो डांबर सोडत नाही, कारण त्याच्यामागे लाल दिवा आहे, सोबत पंधरा जण आहेत आणि रस्त्यावर आपला हक्क आहे ही खात्री आहे. ती उतरते. सरांच्या पिढीचा दूधवालाही उतरत होता, आणि आपण उतरायचंच असतं असं तो समजत होता. कामाच्या सायकलीने रस्त्याकडे कधी काही मागितलं नाही.

मागितलं ते हौशींनी. अमेरिकेत १८८०मध्ये 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' स्थापन झाली ती खाऊनपिऊन सुखी, रविवारी फिरायला जाणाऱ्या सायकलस्वारांची. चिखलाने भरलेले ग्रामीण रस्ते पक्के करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. शेतकऱ्यांनी आधी विरोध केला: शहरी लोकांच्या खेळासाठी आम्ही कर का भरायचा? पुढे टपाल घरपोच येऊ लागलं, माल बाजारात नेणं सोपं झालं, तेव्हा तेही त्या मागणीत सामील झाले. सरांचं पहिलं वाक्य मला त्या शेतकऱ्यांच्या तोंडी अगदी शोभून दिसतं.

सगळे सोहळे मात्र एका मापाने मोजता येत नाहीत. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही सायकल शर्यत झाली. तिच्यासाठी रस्ते नवे केले गेले आणि शर्यतीच्या वेळी वाहतूक थांबवण्यात आली. नवं डांबर मागे उरतं, ते चांगलंच आहे. पण मोकळा केलेला रस्ता स्वाराला साइडपट्टी दाखवत नाही. बीआरएमचं तसं नसतं. २०० किलोमीटर, साडेतेरा तास, पहिला-दुसरा नंबर नाही. मधल्या टप्प्यात मदतीची गाडी चालत नाही. पंक्चर स्वतः काढायचं, पाणी वाटेतल्या टपरीवर मागायचं, कंट्रोलवर, म्हणजे ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणी, कार्डाची नोंद करून घ्यायची, आणि हे सगळं ऊस-कांद्याच्या चालू वाहतुकीतून. तेवढे तास हा माणूस त्या मुलीचाच रस्ता वापरतो. कुठली कड तुटली आहे, कुठं पायरी खोल आहे, कुठल्या वळणावर उजेड नाही, याची माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाकडे नसते. ती माहिती आज आपापल्या गटात फिरते आणि तिथंच राहते. ती बांधकाम खात्याकडे आणि ग्रामसभेत, लेखी, किलोमीटरच्या दगडासकट पोचली पाहिजे. राइड आखणाऱ्यांनी हे आपल्या कामाचा भाग मानावं, अशी माझी त्यांच्याकडे मागणी आहे.

सर म्हणतात, हौस फिटली की ही माणसं निघून जातील. अमेरिकेतल्या बऱ्याच जणांनी सायकल सोडून मोटार घेतली आणि ते रस्ते मोटारींचे झाले, हे मीच त्यांना सांगितलं होतं, त्यामुळे त्यांची शंका मला खोडता येत नाही. म्हणून हौस टिकून आहे तोवर अर्ज जायला हवा: ओतूरहून डिंगोऱ्याकडे आणि ब्राह्मणवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या साइडपट्ट्या शाळेपासून वस्त्यांपर्यंत डांबराच्या पातळीला भराव्यात, आणि कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत हे काम व्हावं.