उतरवलेला गणवेष

दिवाळीच्या फराळाला आमच्या माटुंग्याच्या घरी एक निवृत्त शेजारी दरवर्षी येतात. चकली मोडता मोडता ते असा एखादा प्रश्न टाकतात की पुढे चार दिवस तो डोक्यातून जात नाही. गेल्या खेपेस विषय निघाला ॲडमिरल रामदास यांचा. "आयुष्यभर तोफांच्या मागे उभे राहिले आणि पेन्शन सुरू झाल्यावर शांतीची आठवण झाली! खुर्चीवर असताना का नाही बोलले?" असे म्हणून त्यांनी चहाचा कप पुढे ओढला.

लक्ष्मीनारायण रामदास यांचा जन्म आमच्या याच माटुंग्यातला, १९३३ चा. १९७१ च्या युद्धात 'बियास' या युद्धनौकेचे ते कप्तान होते. पूर्व पाकिस्तानच्या नाकेबंदीतील कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे बॉनच्या भारतीय वकिलातीत ते नौदलाचे प्रतिनिधी होते आणि १९९० ते १९९३ या काळात नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या एका खेड्यात ते शेती करू लागले आणि ज्या देशाशी लढले त्याच देशातील नागरिकांशी सलोख्याची बोलणीही करू लागले. १९९८ च्या अणुचाचण्यांना त्यांनी उघड विरोध केला. २००४ मध्ये लाहोरचे पत्रकार इब्न अब्दुर रहमान यांच्या जोडीने त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शेजाऱ्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मनात एक आणि हातात दुसरे, अशी चाळीस वर्षे काढणाऱ्याला प्रामाणिक कसे म्हणावे?

याचे उत्तर शोधताना मला त्यांच्या सासऱ्यांची आठवण झाली. ॲडमिरल कटारी हे आपल्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. १९६१ साली गोवा मुक्त झाला तो त्यांच्याच कारकीर्दीत. १९६४ पासून ते ब्रह्मदेशात भारताचे राजदूत होते. तो काळ कठीण होता. दोनच वर्षांपूर्वी तेथे जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली होती. व्यापार सरकारजमा झाला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदलेली भारतीय कुटुंबे रिकाम्या हातांनी मायदेशी परतत होती. ज्याच्या शब्दासरशी जहाजे वळत, त्याला आता समोरच्याचे मन वळवायचे होते. आणि समोर बसलेला होता तोही लष्करी गणवेषातलाच माणूस, मात्र राज्य करू लागलेला!

गणवेष बोलू लागला म्हणजे काय होते ते तेथे दिसत होते. आज सेनापतीने शांतीच्या बाजूने बोललेले आपल्याला गोड वाटेल; उद्या दुसरा युद्धाच्या बाजूने बोलेल, परवा तिसरा निवडणुकाच नकोत म्हणेल. म्हणून सैनिकाचे मौन हा मला भित्रेपणा वाटत नाही. तो लोकांशी केलेला करार आहे. करार संपला की तो माणूस तुमच्या-माझ्यासारखा नागरिक होतो, आणि मग मात्र त्याने गप्प बसावे असे कोणी सांगू नये.

तरीही त्या मौनाची किंमत कोणी तरी मोजतच असते, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही. शिवाय सासऱ्यांच्या शब्दामागे सरकार उभे होते, जावयाच्या शब्दामागे कोणीच नव्हते. देशद्रोह्यांच्या पंगतीत बसवले जाण्याची तयारी ठेवूनच असे बोलावे लागते. निवृत्त माणसाला हे सोपे असते, असे मला तरी वाटत नाही.

एवढे सगळे मी शेजाऱ्यांना ऐकवले. त्यांना पटले असे ते म्हणाले नाहीत. थोडा वेळ बशीतला चिवडा चिवडत बसले. मग हळूच म्हणाले, "आमच्या कचेरीत एकदा एका कागदावर सही केली होती मी. मनातून करायची नव्हती. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली, अजून हिलासुद्धा सांगितलेले नाही."

आत त्यांच्या पत्नी माझ्या पत्नीला अनारशांचे पीठ कसे मुरवायचे ते सांगत होत्या. त्यांनी आवाज आणखी खाली आणला आणि कागदाची गोष्ट सांगायला सुरुवात केली.