पर्णसंचित

छत्तीसगडास भाताचे कोठार म्हणण्याचा परिपाठ जुना आहे, आणि त्याच प्रदेशाच्या नव्या राजधानीत, नव्या रायपुरात, महानदी भवनातील मंत्रालयाच्या दप्तरांवर जो उजेड पडतो तो मुख्यत्वे कोळशाच्या विजेचा असतो, हेही सर्वश्रुत आहे. परंतु भाताचे व कोळशाचे अशी ही दोन्ही कोठारे हिरव्या पानानेच भरली आहेत, आणि त्यांतील एक दर वर्षी भरते तर दुसरे पुन्हा भरणे मनुष्याच्या कालगणनेत बसत नाही, ही बाब राज्यकारभाराच्या हिशेबात जितक्या ठळकपणे यावयास हवी तितकी येत नाही.

पानाचा व्यवहार मुळात असा आहे. सूर्यप्रकाशातील तांबडे व निळे किरण हरितद्रव्य शोषून घेते, त्या बळावर पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू बाहेर पडतो, आणि पाण्यापासून मिळालेल्या हायड्रोजनाच्या साह्याने पान हवेतील कर्बवायूची शर्करा रचते. बाहेर पडणारा प्राणवायू कर्बवायूतला नसून पाण्यातला असतो, हे १९४१ साली प्राणवायूच्या जड समस्थानिकाच्या प्रयोगांतून दिसून आले. आणि शर्करा कोणकोणत्या पायऱ्यांनी बनते याचा किरणोत्सर्गी कर्बाच्या योगे माग काढल्याबद्दल मेल्विन कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यातले मर्म मात्र रॉबर्ट मायर या जर्मन वैद्याने १८४५ मध्येच सांगून ठेवले होते. वनस्पती प्रकाशाची शक्ती रासायनिक रूपात साठवितात, असे त्याचे प्रतिपादन होते. पाण्यापासून प्राणवायू विलग करून कर्बाची शर्करा रचताना पानाने जी शक्ती वेचली, तीच त्या कर्बाच्या प्राणवायूशी पुनर्मीलनाच्या वेळी, मग ते आपल्या स्नायूंत होवो वा वीजघराच्या भट्टीत, परत मिळते.

पान हा कारागीर फारसा कार्यक्षम नाही. शेतावर पडणाऱ्या सूर्यशक्तीपैकी शेकडा एक भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी, पिकाच्या देहात उतरतो. भाताची अडचण आणखी निराळी आहे. त्यास पाण्यासाठी मेघ हवेत, आणि मेघच त्याचा प्रकाश हिरावून घेतात. येथील उशिरा पिकणाऱ्या परंपरागत जातींनी या पेचातून काढलेली वाट विलक्षण म्हटली पाहिजे. दिवस लहान होऊ लागल्याची खूण ओळखून त्या पाऊस ओसरण्याच्या सुमारास फुलतात, आणि दाण्यात पिष्ट भरण्याचे मुख्य काम निरभ्र आश्विन-कार्तिकात उरकतात. भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशा कमीअधिक ओल धरणाऱ्या जमिनींसाठी शेतकऱ्यांनी निरनिराळ्या मुदतीच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या, डॉ. राधेलाल रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपुरात राहून अशा हजारो जाती गोळा केल्या, आणि तो वारसा आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत येथील परगण्यांतून कमाविसदारांनी वसूल केलेला महसूलही अखेर याच कमाईतला हिस्सा होता. तो वाजवी असो वा जाचक, ज्या वर्षीचा सारा त्या वर्षीच्या उन्हातून निघत असे.

कोळशाचे तसे नाही. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी गोंडवन भूखंडाच्या दलदलींत ग्लॉसोप्टेरिस व तत्सम वनस्पती वाढल्या, मेल्या, आणि प्राणवायूचा स्पर्श तुटल्यामुळे पुरत्या कुजण्याआधीच गाळाखाली गाडल्या गेल्या. एक किलो तांदळात सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी शक्ती असते, आणि राखेचे प्रमाण मोठे असलेल्या कोरबाकडील कोळशात ती त्याहून फार अधिक नसते. तरीही पहिले उत्पन्न होय आणि दुसरे मुद्दल.

यावर कोणी म्हणेल की, सौर पॅनेल शेकडा वीसच्या आसपास ऊन विजेत उतरविते, मग पानाची मातब्बरी ती काय? ऊन पकडण्यापुरता हा आक्षेप बिनतोड आहे, परंतु पकडणे निराळे आणि साठविणे निराळे. राजनांदगाव येथे २०२४ साली सुरू झालेल्या १०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पास १२० मेगावॉट-तासांच्या बॅटऱ्या जोडाव्या लागल्या, आणि ४० मेगावॉटच्या दराने त्या तीन तास पुरतात. भाताचा दाणा कणगीत वर्षभर शक्ती सांभाळतो, आणि पेरला तर स्वतःच नवे पान उभे करतो. म्हणून राजधानीच्या प्रशस्त छपरांवर पॅनेल अवश्य असावीत, पण पानाची जागा त्यांना देऊ नये.

हसदेव अरण्यात तर ही दोन्ही कोठारे एकावर एक रचलेली आहेत. वर साल आणि मोह यांची आजची पाने आहेत, खाली गोंडवनातल्या वनस्पतींचा कोळसा. २०२१ च्या ऑक्टोबरात तेथील ग्रामस्थ सुमारे ३०० किलोमीटर पायी चालून राज्यपालांकडे दाद मागण्यास रायपुरास आले, ते वरचे कोठार खाणींपासून राखण्यासाठी. कोळसा उद्याच बंद करा, असे म्हणणे व्यवहार्य नाही. परंतु मुद्दल उपसण्यासाठी उत्पन्नाचे साधनच तोडणे हा उघड आतबट्ट्याचा व्यवहार आहे. कोळशाचे स्वामित्वधन आज महसुली जमेच्या सदरी पडते. ते तेथून काढून मुद्दलाची घट म्हणून नोंदवावे, आणि त्याचा पैसा जंगल, जमीन, बियाणे व छपरांवरील सौर वीज यांखेरीज अन्यत्र खर्चू नये, असा दंडक राज्याने स्वतःस घालून घेतला पाहिजे.