लेकराचा प्रश्न

मांस खावें कीं न खावें, याविषयीं वडील माणसें पुष्कळ वाद करितात; परंतु ज्या वयांत ही संवय जडते त्या वयाकडे फार थोडे पाहतात.

चव ही पाळण्याच्याही आधीं लागते. आई जें खाते त्याचा स्वाद गर्भजलांत व पुढें तिच्या दुधांत उतरतो, असें शोधाअंतीं दिसून आलें आहे. नंतर दोन ते सहा या वयांत मूल नव्या पदार्थास पाहून तोंड फिरवितें. तथापि घरचीं माणसें तोच पदार्थ नित्य खातांना दिसलीं, म्हणजे तेंही हळूहळू खाऊं लागतें. सारांश, ही आवड मूल निवडीत नाहीं, घर देतें.

मग ज्ञानाचें काय? अमेरिकेंत चार ते सात वर्षांच्या मुलांस विचारलें असतां, डुकराचें खारविलेलें मांस वनस्पतीपासून होतें, असें सुमारें ४० टक्के मुलांस वाटलें. हा शोध २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्लंडांतील २०२२ सालच्या शोधांत ९ ते ११ वर्षांच्या मुलांपेक्षां प्रौढांस प्राणी खाणें अधिक ग्राह्य वाटतें, असें आढळलें. वयाबरोबर मन बदलतें खरें. पण तें विचारानें बदलतें कीं केवळ संवयीनें?

आमच्या खेड्यांतील मुलास मांस कोठून येतें हें ठाऊक असतें. सकाळीं ज्या कोंबड्यास त्यानें दाणे टाकिले, तोच सायंकाळीं पाहुण्यासाठीं कापिला जातो. मग तें जेवावयास बसत नाहीं; “माझा कोंबडा कां मारला?” असें विचारितें. तेव्हां आपण हसतों, दटावितों, किंवा “तो पळून गेला” असें सांगतों. बंधुभगिनींनो, मांस खाण्यांत दोष आहे कीं नाहीं हा वाद क्षणभर बाजूस ठेवा. लेकराशीं खोटें बोलण्यांत दोष आहे, याविषयीं तरी वाद नाहीं.

ज्यास खावयाचें असेल त्यानें मुलास खरें सांगावें, प्राण्यास विनाकारण यातना देऊं नये, व अन्न वायां घालवूं नये. ज्यास खावयाचें नसेल त्यानें शेजाऱ्याच्या ताटाचा तिरस्कार मुलास शिकवूं नये. अशा तिरस्कारानें या देशांत किती माणसें उंबऱ्याबाहेर बसविलीं गेलीं, हें आपण जाणतों. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायांत पौलानें दोघांसही असाच बोध केला आहे. आणि मूल नको म्हणालें, तर त्यावर जुलूम न करितां डाळ, भुईमूग, दूध यांनीं त्याचें पोषण करावें.

संवय आपण लाविली. ती तपासून पाहण्याची मोकळीकही आपणच दिली पाहिजे.