टोपड्याचा सवाब कोणाला?

दान मोठे की लहान, हे आपण बहुधा रकमेवरून ठरवतो. जकातीचा हिशेब अडीच टक्क्यांचा, तो ठरलेला आहे. सदक्याला मात्र खालची मर्यादा नाही; अर्ध्या खजुराचाही सदका होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी घरी बसून विणलेले टोपडे हा सदका कशामुळे ठरतो? विणणारीची नियत चांगली म्हणून, की बाळाच्या डोक्याला ऊब मिळाली म्हणून?

आधी बाळाकडे पाहू. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, आणि त्यांतली सर्वाधिक, तीस लाखांच्या आसपास, आपल्या देशात. २८ आठवड्यांच्या बाळाचे वजन जेमतेम किलोभर, डोक्याचा घेर साधारण २६ सेंटिमीटर. कातडीखाली चरबी नसते. डोके अंगाच्या मानाने मोठे, म्हणून ऊब तिथून झपाट्याने निघून जाते. अंग ३६.५ अंशांखाली थंडावले की बाळ दूध ओढेनासे होते, रक्तातली साखर उतरते, श्वास अडखळतो. चार तोळे लोकरीचे काम इथे आहे.

पण म्हणूनच नुसती नियत पुरत नाही. गळ्याला बांधायची नाडी, शोभेचे मणी, बोचरी लोकर, मोठी छिद्रे असलेली जाळी हे सारे विणणारीला सुंदर वाटते, बाळाला घातक ठरू शकते. टोपडे धुता आले पाहिजे, डोके कोरडे करूनच घातले पाहिजे. ओले टोपडे उलट थंडी देते. आपल्याला द्यायला आवडते ते देणे आणि समोरच्याला लागते ते देणे यांत फरक आहे. रुग्णालयाला आधी विचारावे, मग सुया हाती घ्याव्यात. हे विचारणे हाही नियतेचाच भाग आहे, असे आम्हांला वाटते.

दुसरी शंका अधिक टोकदार आहे. टोपडी विणून आपण मनाचे समाधान तर विकत घेत नाही ना? आईच्या अंगात रक्त नाही, तिचे लग्न लवकर झाले, दोन बाळंतपणांत अंतर राहिले नाही, ही कारणे लोकरीने झाकली जात नाहीत. शंका खरी आहे. पण मोठे काम आणि लहान काम एकमेकांचे वैरी नसतात. १९७८ साली बोगोटात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची रीत सुरू केली. त्या बाळाच्या डोक्यावरही टोपडे असतेच. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, हे १९९९ साली जगापुढे मांडले गेले. तिथेही ऊब राखणे हा कामाचा एक भाग होता, सारे काम नव्हते. टोपडे विणणारीने आपल्या मोहल्ल्यातल्या गरोदर मुलीच्या लोहाच्या गोळ्यांचीही चौकशी केली, तर ही शंका उरत नाही.

आणि जे बाळ वाचत नाही, त्याचे टोपडे वाया गेले काय? इथे हिशेबी मन गप्प होते. दोन दिवस जगलेल्या जिवालाही त्या दोन दिवसांत थंडी वाजतच होती. ऊब देणे आपल्या हाती, आयुष्य देणे नाही. फळ मिळाले तरच दान, असे मानले तर तो सौदा झाला.

उपकार बोलून दाखवला की सदका बाद होतो, असे कुरआन (२:२६४) बजावतो. आज आपण रमजानचे किट देतानाही घेणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभे करतो. टोपडे घेणारा मात्र आपल्याला ओळखत नाही, आभार मानत नाही, पुढे भेटतही नाही. त्याच्या आईला आपले नाव कळण्याची गरज नाही. टोपडे डोक्याला नीट बसले, एवढे कळले तरी पुरे.